बावीस आत्ता, नऊ नंतर

घाबरट माणसानं वाटाघाटींच्या खोलीत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः पहिल्या नंबरची घाबरट, आणि त्या खोलीत सहा वर्षं बसले, म्हणून सांगते. माझं काम टिपणं घेण्याचं. समोरचे काय म्हणाले, आपण काय म्हणालो, कोण कधी गप्प बसलं, हे सगळं लिहून काढायचं आणि आपण तोंड उघडायचं नाही. यातलं शेवटचं मला अगदी सोयीचं होतं.

ज्या देशाशी बोलणी चालली होती त्याचं नाव मी सांगणार नाही. आपला समुद्र जिथं संपतो तिथं त्यांचा सुरू होतो, एवढं पुरे. आपले एकतीस खलाशी त्यांच्या तुरुंगात होते. त्यांच्या दोन मोठ्या बोटी आपल्या बंदरात जप्त होऊन पडल्या होत्या. एकतीसपैकी नऊ जण दुसऱ्यांदा हद्दीपलीकडे सापडलेले, त्यामुळे त्यांच्यावर वेगळा खटला होता. अंबादास त्या नऊ जणांतला.

अंबादासला मी कधी पाहिलं नव्हतं. त्याची बायको सुनंदा मात्र मला पाठ झाली होती. ती पालघरहून आली होती आणि महिनाभर दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात मुक्काम ठोकून होती. घरच्यांशी मराठीत कोण बोलणार, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रोज सकाळी साडेनऊला तिचा फोन यायचा. "ताई, आज काय?" एवढंच विचारायची. अंबादासला साखरेचा आजार. तुरुंगात पायाला जखम झाली, दोन बोटं कापावी लागली, आणि आता टाच काळी पडत चालली होती. खटल्याची तारीख मार्चमधली. आपल्या दूतावासानं पाठवलेला डॉक्टर त्याला बघून आला होता आणि त्यानं लिहिलं होतं की हा माणूस मार्चपर्यंत तग धरेल असं वाटत नाही.

"ताई, पायाचं त्यांना सांगितलंत का?" सुनंदा विचारायची.

"सांगणार आहोत," असं मी म्हणायचे. ते खोटं होतं.

पायाचं सांगायचं नाही, अशी अविनाश सरांची सक्त ताकीद होती. अविनाश सर आमच्या बाजूचे प्रमुख. मूळचे नागपूरचे, पण तीस वर्षं दिल्लीत काढलेले. मराठीतून हिंदीत कधी घुसायचे ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. खोली मुद्दाम गार ठेवायची, समोरच्यांना दाराबाहेर वीस मिनिटं ताटकळत ठेवायचं, जेवणाची सुट्टी ऐनवेळी कमी करायची, हे सगळे त्यांचे शोध. "आकडा त्यांना आधी बोलू दे," ते म्हणायचे. "आपण नाही बोलायचं, बिल्कुल नाही. आणि आपल्याला घाई आहे हे त्यांना कळलं की भाव वाढला समज. पाय-बिय काही काढायचं नाही."

आमची एक खास पद्धत होती. टेबलावर बसल्यावर आपसात काही बोलायचं असलं की आम्ही दोघं मराठीत बोलायचो. समोरच्यांना इंग्रजी यायचीच, हिंदीही बऱ्यापैकी कळायची. मराठीचा मात्र त्यांना गंध नव्हता. सर ओठ फारसे न हलवता पुटपुटायचे आणि मी मान डोलवायची. दिल्लीत जन्मलेल्या, दिल्लीतच वाढलेल्या माझ्यासारखीला मराठीचा असा सरकारी उपयोग झाला, याचं आईला फार कौतुक होतं.

वरून आलेला आदेश दोन ओळींचा होता. सगळे एकतीस मिळत असतील तर दोन्ही बोटी द्या. तसं जमत नसेल तर बोटी न देता बावीसवर समाधान माना, नऊ जणांचं खटल्यानंतर बघू. "ही दुसरी ओळ त्यांना कळली तर सगळं मुसळ केरात," सर म्हणाले. "मग बोलणी त्याच तासाला बंद करायची, असा नियम आहे. पुढची फेरी सहा महिन्यांनी."

पहिल्या दिवशी सकाळी मी एक मूर्खपणा केला. घाबरले की मला स्वतःचा फोन नंबरही आठवत नाही, आणि सरांनी मधेच वळून शेवटचा आकडा विचारला तर काय, या भीतीनं मी एका कोऱ्या चिठ्ठीवर तो लिहून ठेवला. बावीस आत्ता, नऊ नंतर. इंग्रजीत लिहिला. मराठीत लिहिला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण आम्ही इथं वाढलेली मुलं मराठी नुसती बोलतो. हातात पेन आलं की आपोआप इंग्रजी उतरतं.

टेबलावरच्या प्रत्येक कागदाला नंबर असतो आणि संध्याकाळी दारात तो मोजून परत द्यावा लागतो. बिननंबरी चिठ्ठी सापडली तर नोकरी जाते, आणि नशीब वाईट असेल तर नुसती नोकरी जाऊन भागत नाही. म्हणून ती मी डब्याच्या पिशवीत ठेवली. पिशवी आईनं शिवलेली, आतून हातरुमालासाठी एक कप्पा असलेली. दारावरचे शिपाई आमच्या बॅगा उलट्यापालट्या करून बघतात, डब्याला कोणी हात लावत नाही.

दुपारी हॉटेलातून मागवलेलं जेवण होतं. सगळं लोण्यात आणि सायीत बुडालेलं. समोरच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख एक साठीच्या बाई होत्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, पायात साध्या चपला. त्या काकडीचे चार काप घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या. मी उगाच चौकशी केली तर म्हणाल्या, साखरेचा आजार आहे, हे काही चालत नाही. माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी होती. मी विचारलं, आमच्या घरचं चालेल का. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसला की मलाच लाज वाटली. तेवढ्यात सरांनी घड्याळ बघितलं आणि सुट्टी वीस मिनिटांनी कमी झाल्याचं जाहीर केलं. हा त्यांचा ठरलेला डाव, समोरच्यांना उपाशी बसवायचं. त्या बाई नुसत्या हसल्या आणि हातातली काकडी खाली ठेवली. मला ते बघवलं नाही. मी अख्खी पिशवीच त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, हॉटेलवर गेल्यावर खा.

संध्याकाळी पाच वाजता दारात कागद मोजून दिले. सतरापैकी सतरा. आता ती चिठ्ठी फाडून टाकावी म्हणून पिशवीकडे हात गेला आणि तिथं पिशवी नव्हती.

मी तिथंच भिंतीला टेकले. शिपाई "मॅडम, तबीयत ठीक है?" असं विचारत होता ते लांबून ऐकू येत होतं. बाई केव्हाच गेल्या होत्या. मी एकटी त्यांच्या हॉटेलवर गेले असते तर तासाभरात त्याची नोंद झाली असती. फोन करणं त्याहून वाईट. राहिले सर. सरांना सांगितलं की बोलणी बंद, एकतीसच्या एकतीस जण तिथंच, आणि माझ्यावर खटला. नाही सांगितलं आणि बाईंनी चिठ्ठी वाचली असली, तर त्या उद्या बावीस म्हणतील, सर मनातल्या मनात खूश होऊन हो म्हणतील, आणि अंबादास तिथंच राहील. बाईंनी कप्प्यात हात घातलाच नसेल, एवढ्या एकाच आशेवर माझा जीव टांगणीला लागला होता.

मेट्रोनं गुरुग्रामला घरी आले. नोव्हेंबरची हवा, समोरचा टॉवरही धड दिसत नव्हता. आईनं दारातच विचारलं, "डबा कुठाय?"

"दिला एका बाईंना."

"अच्छा. येईल परत," आई म्हणाली. "रिकामा नाही करत कोणी परत. निदान चमचाभर साखर तरी घालतात."

मी जेवले नाही. आईला वाटलं, ऑफिसात काही बोलाचाली झाली असेल. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला फोन वाजला. "ताई, आज काय?"

"आज दुसरा दिवस आहे, सुनंदा. बोलणी चालू आहेत."

"काल बाकीच्या खलाशांच्या घरच्यांनी मला विचारलं, नऊ जणांचं नाव वेगळं का घेतात म्हणून. मी काय सांगू?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि फोन दारातल्या ट्रेमध्ये ठेवला. तिथंच टेबलावर माझी पिशवी होती. बाईंच्या मदतनिसानं आणून ठेवली होती. मी ती छातीशी धरून बाथरूममध्ये पळाले, दाराला कडी लावली आणि कप्प्यात हात घातला. रुमाल होता. चिठ्ठी नव्हती. मी कप्पा उलटा केला, पिशवी झटकली, फरशीवर बसून बघितलं. डबा जड लागत होता, पण तो उघडून बघायचं भान कोणाला होतं. चिठ्ठी गेली, एवढंच मला कळलं.

दहा वाजता बैठक सुरू झाली. सर नेहमीप्रमाणे मागे रेलून गप्प बसले, समोरच्यांनी आधी बोलावं म्हणून. बाईंनी चष्मा लावला, समोरचा कागद सरळ केला आणि म्हणाल्या, "आम्ही बावीस खलाशी लगेच सोडायला तयार आहोत. उरलेल्या नऊ जणांचा विचार खटल्यानंतर करता येईल. बोटींबद्दल आमचं आत्ता काही मागणं नाही."

शब्द न शब्द तोच. टिपण लिहिताना मी पेन दोनदा खाली पाडलं. सर माझ्याकडे न बघता मराठीत पुटपुटले, "आले सरळ. बघितलंस? गप्प बसलं की होतं." आणि मोठ्यानं त्यांनी चहाची सुट्टी मागितली, म्हणजे लगेच हो म्हटल्यासारखं दिसू नये.

चहाच्या टेबलापाशी बाई स्वतःच माझ्याकडे आल्या. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, आणि फार हळू.

"भाकरी फार चांगली होती," त्या म्हणाल्या. "आणि कागदही पोचला. इतकी वर्षं हे काम करते आहे, पण असा प्रस्ताव जेवणातून कोणी पाठवला नव्हता."

आता मला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. जे टेबलावर म्हणता येत नाही ते साध्या कागदावर लिहायचं, बिनसहीचं, बिनशिक्क्याचं, आणि हळूच समोरच्याच्या हातात द्यायचं. उद्या कोणी विचारलं तर असा कागद नव्हताच. मी जी चिठ्ठी विसरले होते, ती बाईंना तशी वाटली होती. आमच्या सरांनी, आडदांड म्हणून नाव काढलेल्या अविनाश सरांनी, विश्वासानं पाठवलेला निरोप.

"मी तो तसाच राजधानीला कळवला," बाई म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं, तेच बावीस म्हणत असतील तर बावीसच द्या. मला वाटलं होतं, तुम्ही सगळे मागाल." मग त्यांनी विचारलं, "माझं उत्तर बघितलंत ना?"

"कुठलं उत्तर?"

"आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत," त्या म्हणाल्या आणि चहा घेऊन पुढे गेल्या.

मी पुन्हा बाथरूममध्ये. पुन्हा कडी. डब्याच्या वरच्या पुडात नारळाच्या वड्या होत्या, खालच्यातही वड्याच, आणि त्यांच्या खाली बटर पेपरची घडी. आत पेन्सिलीनं चार ओळी. सगळे एकतीस देण्याची मुभा माझ्याकडे अजून आहे. त्यासाठी दोन्ही बोटी आधी तुमच्याकडून, सर्वांसमोर, टेबलावर याव्यात. मी त्या मागू शकत नाही. हे सही होण्याआधी व्हायला हवं.

मी ते तीनदा वाचलं. नऊ जण मागे राहत होते ते माझ्या चिठ्ठीमुळे, हे तर उघडच झालं. आणि ते मागे राहू नयेत म्हणून एका परक्या बाईनं आपली नोकरी माझ्या डब्यात घालून पाठवली होती. किंवा तो सापळा होता. आम्ही बोटी आधी बोलून बसायचं, त्यांनी हसत त्या घ्यायच्या आणि बावीसवरच सही करायची. सर असते तर त्यांनी हेच केलं असतं. मी सहा वर्षं ज्या माणसाशेजारी बसले त्यानं मला एवढंच शिकवलं होतं की समोरचा जे देतो त्यात काटा असतो.

तो कागद सरांना दाखवणं शक्य नव्हतं. दाखवला की माझी चिठ्ठी आली, आणि चिठ्ठी आली की बोलणी बंद. आणि समजा, नियम बाजूला ठेवून त्यांनी तो वापरलाच, तर बाई सगळे द्यायला तयार आहेत हे कळल्यावर ते एक बोट दाबून ठेवणार, मग दुसरी, आणि बाई उठून जाणार. त्या इमारतीत कचऱ्याच्या टोपल्यासुद्धा रोज तपासतात. मी कागदाचे तुकडे केले, एक वडी तोंडात घातली आणि तिच्याबरोबर ते गिळले. हसू नका. मला तेव्हा रडू येत होतं आणि वडी घशाखाली उतरत नव्हती.

परत टेबलावर आले तेव्हा मसुदा टाइप होऊन आला होता. सरांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मी हिंमत करून मराठीत पुटपुटले, "सर, बोटी देऊन सगळे मागू या का?"

"वेडी आहेस का," ते पुटपुटले. "बावीस घरात आलेत. बोटी आधी बोललो तर बोटी पण जातील आणि नऊ पण. आपण आधी नाही द्यायचं कधीच."

"अंबादास मार्चपर्यंत नाही राहणार, सर."

"मला माहीत आहे," सर म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि खिशातून पेन काढून त्याचं टोपण उघडलं. पेन कागदापर्यंत नेऊन त्यांनी दोनदा मागे घेतलं. मला ते दिसलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या खोलीत घाबरलेली मी एकटी नाही.

मी बोलले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलावर माझा आवाज निघाला, आणि तो इतका चिरका निघाला की मलाच ओळखू आला नाही. इंग्रजीत म्हणाले, "आमच्याकडून एक प्रस्ताव आहे. दोन्ही बोटी आम्ही द्यायला तयार आहोत. त्याबदल्यात सगळे एकतीस, एकाच दिवशी. नऊ जणांपैकी एकाचा पाय सडतो आहे, मार्चपर्यंत तो जगणार नाही. आम्हाला घाई आहे."

 आमच्या बाजूचे दोघं माझ्याकडे बघत होते, समोरचे चौघं बाईंकडे. सरांनी मान वळवली नाही. मराठीत, अगदी हळू, म्हणाले, "उत्तरा, हे काय केलंस." आणि हातातलं उघडं पेन तसंच शर्टाच्या खिशात ठेवलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मला पाच मिनिटं द्या," म्हणून त्या बाहेर गेल्या. ती पाच मिनिटं तेवीस मिनिटांची झाली. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते आणि मनात सुनंदाला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते. बोटी आपण देऊन बसलो, बावीसही अडकले, ताई चुकली तुमची.   सरांनी आता सगळं नाकारलं असतं, ही बाई आमच्या वतीनं बोलत नाही असं म्हटलं असतं, तर मी तिथंच संपले असते. ते समोर बघत बसून राहिले, आणि त्यांच्या पांढऱ्या खिशावर शाईचा डाग हळूहळू मोठा होत गेला.

बाई आल्या. बसल्या. "एकतीस," त्या म्हणाल्या. "मसुदा नव्यानं टाइप करायला हवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. निघताना सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशीही, आणि मला एवढंच म्हणाल्या, "तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा."

दहा दिवसांनी समुद्रावर अदलाबदल झाली. दोन बोटी तिकडे गेल्या, एकतीस माणसं इकडे आली. त्याच आठवड्यात माझी चौकशी लागली. कनिष्ठ अधिकाऱ्यानं परवानगीशिवाय परक्या शिष्टमंडळापुढे प्रस्ताव मांडला, असा आरोप होता, आणि तो शंभर टक्के खरा होता.

लांबट टेबलामागे तीन अधिकारी. त्यांनी मला विचारलं, ते मान्य करतील हे तुम्हाला कसं कळलं. मी म्हटलं, अंदाज. कशावरून अंदाज. मी म्हटलं, बाईंच्या चेहऱ्यावरून. मधला अधिकारी ते लिहून घेत होता आणि त्याचा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. त्यांनी आणखी दोनदा जरी तोच प्रश्न विचारला असता तर मी सगळं ओकले असते, चिठ्ठी, डबा, वड्या, आणि माझ्याबरोबर त्या बाईही गेल्या असत्या. 

मग सरांना आत बोलावलं. मला वाटलं, संपलं. त्यांची तीस वर्षांची पद्धत मी भर टेबलावर मोडली होती.

"हा प्रस्ताव तुमच्या परवानगीनं मांडला गेला का?" मधल्या अधिकाऱ्यानं विचारलं.

सर मागे रेलून गप्प बसले. ते गप्प बसणं मला चांगलं ठाऊक होतं. समोरचा कंटाळून आधी बोलतो, याची ती वाट. पण समोरच्या तिघांना काही घाई नव्हती. शेवटी सरांनीच आधी तोंड उघडलं.

"मी तिला मराठीत सांगितलं होतं," ते म्हणाले. "टेबलावर आम्ही आपसात मराठीतच बोलतो. सगळ्यांना माहीत आहे."

"टिपणात तसं काही नाही."

"मराठी टिपणात घेत नाही आम्ही."

अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. डावीकडच्यानं विचारलं, प्रस्ताव तुम्ही स्वतः का मांडला नाही. सर म्हणाले, "माझी हिंमत झाली नाही." हे मात्र त्यांनी इतकं सरळ सांगितलं की पुढं कोणी काही विचारलं नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघं लिफ्टची वाट बघत उभे होतो. "त्या दिवशी डबा परत आला होता," सर म्हणाले. "काय होतं त्यात?"

"नारळाच्या वड्या."

"फक्त?"

मी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. लिफ्ट आली. "राहू दे," सर म्हणाले. "मला सांगू नकोस. मला कळलं तर मला लिहावं लागेल." आणि ते जिन्यानं खाली गेले.

माझी बदली झाली. आता मी जुन्या फायलींच्या विभागात असते, तिथं कोणी कोणाशी वाटाघाटी करत नाही. तरी अजून डबा उघडताना माझी बोटं आधी पिशवीच्या कप्प्यात जातात.

बदलीच्या ठिकाणी पहिल्याच सोमवारी साडेनऊला फोन वाजला. सुनंदाचा नंबर. पण आवाज पुरुषाचा, बारीक, खोकल्यानं अडखळणारा.

"ताई, मी अंबादास. हिनं सांगितलं, या वेळेला तुम्हाला फोन लावायचा असतो."

 मी विचारलं, "पाय कसा आहे?"

"पाय गेला, ताई. गुडघ्याखालून कापला परवा," तो म्हणाला. "मी आहे."